जागेवर फाईल आहे की चिठ्ठी?

काल रात्री फोनवर तू म्हणालीस, "मावशी, काळजी करू नकोस, सगळं लॅपटॉपमध्ये आहे." मी विचारलं, कशावरून? तर म्हणालीस, "अगं, दिसतंय ना समोर!" ते 'दिसतंय' ऐकल्यापासून मला चैन नाही. सोमवारी तू पहिल्यांदाच एकटी ऑडिटला निघणार, तेही बामणोलीच्या पलीकडे. लाँचमधून उतरून चढ चढायला लागलं की मोबाइलची रेंज कुठे जाते ते कळतही नाही. म्हणून हे सविस्तर लिहून पाठवते आहे. आज एकदा वाच आणि रविवारी लॅपटॉप समोर घेऊन पुन्हा वाच.

तुझे आजोबा, म्हणजे आमचे तात्या, तहसील कचेरीत रेकॉर्ड सांभाळायचे, हे तुला ठाऊक आहे. मी शाळेत असताना त्यांचा डबा पोचवायला जायचे. लोखंडी मांडण्या, त्यावर कापडात बांधलेले गठ्ठे आणि दाराशी टेबलावर एक जाड यादी. कुणी साहेब एखादी फाईल कामासाठी घेऊन गेले की तात्या तिच्या जागी एक चिठ्ठी खोचायचे. फाईल कुठली, कुणी नेली, कोणत्या तारखेला. यादीतलं नाव मात्र तसंच राहायचं. एकदा एक नवा कारकून यादीत नाव बघून "आहे साहेब" असं सांगून आला आणि गठ्ठा सोडला तर आत चिठ्ठी! तात्या त्याला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "यादीत नाव असणं वेगळं, मांडणीवर फाईल असणं वेगळं. हात घालून बघत जा."

तुझ्या लॅपटॉपमधल्या वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये आज नेमकी हीच व्यवस्था आहे. फायलींची नावं सगळी दिसतात. तारीख दिसते, आकार दिसतो, फोटो असेल तर त्याचं छोटं चित्रसुद्धा दिसतं. पण त्यातल्या कित्येक फायली तुझ्या लॅपटॉपमध्ये नसतात, दूरच्या सर्व्हरवर असतात आणि तुझ्याकडे असते ती चिठ्ठी. तू डबल क्लिक केलंस की वनड्राइव्ह इंटरनेटवरून फाईल ओढून आणतो आणि उघडून देतो. घरच्या वायफायवर हे इतक्या पटकन होतं की फाईल इथंच होती असं वाटतं. म्हणून तर फसायला होतं.

खात्री करायची असेल तर अशा एखाद्या फाईलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघड. तिथं दोन ओळी असतात, 'साइज' आणि 'साइज ऑन डिस्क'. साइजसमोर 4 एमबी आणि साइज ऑन डिस्कसमोर 0 बाइट्स असं दिसलं तर जागेवर चिठ्ठी आहे. मला एवढी उघड खूण दुसरी माहीत नाही. नव्या मुलांना शिकवताना मी आधी हेच दाखवायचे, कारण तो शून्याचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणाचा विश्वास बसत नाही.

माझाही बसला नव्हता. 2019 च्या मे महिन्यातली गोष्ट. शिवसागर जलाशयाच्या पलीकडच्या एका गावातल्या विकास सोसायटीचं ऑडिट होतं. मे महिन्यात तिथं पाणी मागं सरलेलं असतं, लाँच गाठायला भेगाळलेल्या गाळावरून बरंच खाली उतरावं लागतं. मी लॅपटॉपची बॅग छातीशी धरून उतरले, पलीकडे पोचले. चेअरमन आणि गटसचिव सकाळपासून थांबलेले होते. मागच्या वर्षीच्या दोष दुरुस्ती अहवालावर बसून बोलायचं होतं आणि थकबाकीची यादी नव्या खतावणीशी ताडून बघायची होती. लॅपटॉप उघडला. मुख्य एक्सेल उघडली, मला हायसं वाटलं. पण तिच्यातले आकडे ज्या तीन फायलींमधून येत होते त्यातली एकही उघडेना. नावं समोर, नावांपुढे निळा ढग आणि क्लिक केलं की इंटरनेट नाही अशी पाटी. दोष दुरुस्ती अहवालाचं तेच. गटसचिवांनी गल्लीच्या टोकाला उभं राहून फोन वर धरून बघितला, शाळेच्या गच्चीवर जाऊन बघितला. शेवटी मी चहा घेतला आणि संध्याकाळच्या लाँचने परत आले. त्या माणसांनी माझ्यासाठी दिवसाचं काम बुडवलं होतं. ऐन पेरणीच्या तयारीचे दिवस होते ते. त्याची बोच मला अजून आहे आणि ती तुझ्या वाट्याला येऊ नये म्हणून ही लांबण लावते आहे.

आता खुणा. फाईल एक्सप्लोररमध्ये वनड्राइव्हचा फोल्डर उघड, वर व्ह्यूमधून 'डिटेल्स' निवड, म्हणजे नावाच्या शेजारी 'स्टेटस' नावाचा रकाना दिसेल. त्यातल्या तीन खुणा अशा पाठ कर की झोपेत विचारल्या तरी सांगता आल्या पाहिजेत.

निळ्या रेघेचा पोकळ ढग म्हणजे चिठ्ठी. फाईल इथं नाही. इंटरनेट असेल तरच उघडेल.

पांढरा गोल, त्याला हिरवी कड आणि आत हिरवी टिक. ही फाईल तू कधीतरी उघडली होतीस म्हणून ती लॅपटॉपमध्ये उतरली. आज आहे आणि रेंज नसतानाही उघडेल. पण 'आज आहे' एवढाच त्याचा अर्थ. ही पाहुणी आहे, जागा लागली की तिला परत पाठवलं जाऊ शकतं.

भरीव हिरवा गोल आणि आत पांढरी टिक. ही घरची. 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' असं तू स्वतः सांगितल्याशिवाय ही खूण येत नाही आणि तू स्वतः काढल्याशिवाय जात नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या खुणेत लोक गल्लत करतात. दोन्ही हिरव्या, दोन्हींत टिक. लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर घाईत बघितलं तर फरक लक्षातही येत नाही. म्हणून 'हिरवं आहे' एवढ्यावर थांबू नकोस. गोल भरीव आहे का, ते बघ. कचेरीत 'अ' वर्गाचं रेकॉर्ड कायम ठेवायचं असतं आणि 'ड' वर्गाचं एका वर्षानंतर काढून टाकता येतं. गठ्ठे दोन्ही एकाच मांडणीवर असतात, पण म्हणून काही दोन्हींचं आयुष्य सारखं नसतं.

पाहुणीला परत कोण पाठवतं, असं तू विचारशील. एक तर तू स्वतः, राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस' म्हणालीस तर. पण न सांगता पाठवणाराही एक आहे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग स्टोरेज, मग 'स्टोरेज सेन्स' अशी सोय आहे. ती चालू असली आणि तिथं समज 30 दिवस ठरवलेले असले, तर महिनाभर न उघडलेली पाहुणी फाईल ती गुपचूप चिठ्ठी करून टाकते. यात तिचं काही चुकत नाही, डिस्क मोकळी ठेवणं हेच तिचं काम. पण मागच्या वर्षीचे वर्किंग पेपर्स आपण महिनोन् महिने उघडत नाही आणि नेमके ऑडिटच्या दिवशी लागतात. भरीव हिरव्या फायलींना ती हात लावत नाही. तेव्हा सेटिंग बदलत बसण्यापेक्षा फायली भरीव हिरव्या करून ठेवणं सोपं.

ते करायचं कसं? एकेक फाईल धरत बसू नकोस. सोसायटीच्या नावाचा अख्खा फोल्डर धर, राइट क्लिक कर, वनड्राइव्हच्या नावाखाली 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' सापडेल, ते निवड. फोल्डरला एकदा सांगितलं की त्यात नंतर येणाऱ्या नव्या फायलीही आपोआप उतरतात. तुझ्या ऑफिसातल्या मुलाने शनिवारी रात्री एखादी स्कॅन केलेली पीडीएफ त्या फोल्डरमध्ये टाकली, तर रविवारी लॅपटॉप नेटला जोडल्यावर ती उतरेल. फोल्डरला सांगितलं नसेल, तर दुसऱ्याने टाकलेली फाईल तुझ्याकडे चिठ्ठी म्हणूनच येते.

आणि 'निवडलं' म्हणजे 'झालं' नव्हे! निवडल्यावर निळे गोल बाण फिरायला लागतात. म्हणजे फाईल येते आहे किंवा जाते आहे. आपल्या फोल्डरमध्ये स्कॅन केलेली व्हाउचर्स असतात, ती जड. अर्धा तास लागेल, कधी तासही. बाण फिरत असताना झाकण मिटून निघालीस तर अर्धा फोल्डर खरा आणि अर्धा चिठ्ठ्यांचा, अशी खिचडी होईल आणि कुठला अर्धा ते तिथं गेल्यावरच कळेल.

या भानगडीत आपण दोघीच पडलो असं समजू नकोस. मायक्रोसॉफ्टने 2013 साली विंडोज 8.1 मध्ये अशीच सोय दिली होती. नावं सगळी दिसायची, फायली वर असायच्या. पण फाईल इथं आहे की नाही हे लोकांना नीट उमगेना. प्रवासात नेट नसताना उघडायला जावं तर उघडायची नाही. 2015 मध्ये विंडोज 10 आलं तेव्हा ही सोय काढून टाकली होती. मग 2017 च्या ऑक्टोबरमध्ये 'फाईल्स ऑन डिमांड' या नावाने ती परत आली आणि या वेळी प्रत्येक नावापुढे खूण लावून आली. म्हणजे तुझ्या स्टेटसच्या रकान्यातली ही चित्रं शोभेची नाहीत. माणसं फसली म्हणून ती तिथं आली आहेत. ती वाचायची नसतील तर मग ती असून उपयोग काय?

बाकीच्या खुणा थोडक्यात. लाल गोलात पांढरी फुली म्हणजे अडलं आहे. घड्याळाजवळच्या वनड्राइव्हच्या ढगावर क्लिक केलंस की कारण लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा कारण साधंच असतं. एक तर वरची जागा भरली. फुकटच्या खात्यात 5 जीबीच मिळतात. नाही तर फाईलचं नाव फार लांब. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर, प्रत्येकाला 'विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटी मर्यादित' असं संपूर्ण नाव, मग सबंध पत्ता मिळून 400 अक्षरांच्या वर गेला की वनड्राइव्ह नको म्हणतो. मराठी नावं चालतात, खुशाल दे, पण आटोपशीर दे. माणसाचं चित्र दिसलं तर ती फाईल आणखी कुणाबरोबर वाटलेली आहे. एवढं पुरे.

घड्याळाजवळच्या त्या ढगाबद्दल मात्र थांबून सांगते. तुझ्याकडे तिथं दोन ढग आहेत, मी दिवाळीत बघितले. पांढरा ढग तुझ्या स्वतःच्या खात्याचा आणि निळा ऑफिसच्या खात्याचा. सभासदांची कर्जखाती, त्यांच्या आधारच्या प्रती, जामीनदारांचे फोन नंबर, हे सगळं निळ्यातच राहिलं पाहिजे. घाईत डेस्कटॉपवर फाईल ठेवायची तुला सवय आहे. आणि वनड्राइव्हच्या बॅकअपची सोय चालू असेल तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डरच मुळात वनड्राइव्हच्या आत गेलेले असतात. मग एखाद्या शेतकऱ्याच्या सात-बाराची प्रत तुझ्या कॉलेजच्या फोटोंशेजारी जाऊन पडते. त्याने ती सोसायटीला विश्वासाने दिलेली आहे, तुला नव्हे. तुझा डेस्कटॉप कुठल्या ढगात जातो आहे, हे आजच बघून घे.

आता सगळ्यांत जपायची गोष्ट. चिठ्ठी फाडली तर फाईलही जाते. तात्यांच्या रेकॉर्ड रूममध्ये असं होत नव्हतं, इथं होतं. आमच्या ऑफिसात एका मुलाची डिस्क भरली. त्याने विचार केला, जुन्या वर्षांच्या फायली वर आहेतच, तर माझ्याकडच्या काढून टाकू. अख्खा फोल्डर निवडला आणि डिलीट दाबलं. दहा मिनिटांत बाकीच्या चार मशीनवरून तो फोल्डर नाहीसा झाला. कारण वनड्राइव्हला वाटलं, याने फाईल पुसली म्हणजे सगळीकडून पुसायची आहे. सिंक या शब्दाचा अर्थच तो आहे: जे इथं, ते तिथं. बाहेरगावी गेलेल्या माणसाने उघडून बघितलं तर त्याच्याकडेही रिकामं. फोल्डर परत मिळाला, कारण वेबसाइटवर लॉगिन केलं की वनड्राइव्हची वेगळी कचराकुंडी असते. ऑफिसच्या खात्यात पुसलेलं 93 दिवस राहतं, स्वतःच्या खात्यात 30 दिवस. आणि ज्या फायली नुसत्या चिठ्ठ्या होत्या, त्या लॅपटॉपच्या रिसायकल बिनमध्ये शोधून सापडत नाहीत, वेबसाइटवरच शोधाव्या लागतात. पोरगं पांढरंफटक पडलं होतं. जागा करायची असेल तर 'डिलीट' कधीच नाही, 'फ्री अप स्पेस'. हे दोन्ही पर्याय राइट क्लिकच्या मेनूमध्येच असतात, म्हणून बोट दाबण्याआधी वाचत जा.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. चूक झाली तर तीही इमानेइतबारे सगळीकडे पोचवली जाते. वर्षाचं ऑडिट संपलं, सह्या झाल्या, की त्या वर्षाचा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवायचा आणि डिस्क कपाटात. आमच्या ऑफिसात ते काम मी दर वर्षी स्वतः करायचे, कुणावर सोपवलं नाही. आणि टॅलीचा चालू डेटा सिंकच्या फोल्डरमध्ये ठेवू नकोस. एका बाजूने टॅली लिहीत असते, दुसऱ्या बाजूने सिंक उचलत असतो आणि दोघांच्या ओढाताणीत डेटा बिघडायची भीती असते. टॅलीमधून बॅकअप घ्यायचा आणि ती बॅकअपची फाईल फोल्डरमध्ये टाकायची.

पुन्हा त्या तीन फायलींकडे येते. मुख्य एक्सेल उघडली म्हणून मी निर्धास्त झाले होते, ती चूक नेहमीची आहे. आपल्या कामात एक फाईल दुसरीतून आकडे घेते, दुसरी तिसरीतून. मुख्य फाईल तू रोज उघडतेस म्हणून ती हिरवी असते आणि जिच्यातून आकडे येतात ती सहा महिन्यांत कुणी उघडलेली नसते. मुख्य फाईल उघडताना मागचेच आकडे दाखवते, सगळं ठीक वाटतं. एक आकडा बदलायला मुळाशी गेलीस की मग ढग. तेव्हा एक्सेलच्या 'डेटा' टॅबमध्ये 'एडिट लिंक्स' किंवा 'वर्कबुक लिंक्स' बघ, कुठल्या कुठल्या फायलींची नावं आहेत ती कागदावर लिहून घे आणि त्या सगळ्या भरीव हिरव्या कर.

शोधण्याचंही असंच. चिठ्ठी असलेली फाईल नावाने सापडते, पण आतल्या मजकुराने सापडत नाही. 'जिंदगी' किंवा 'शेअर्स वर्ग' असा शब्द घालून तू शोधलंस आणि काही आलं नाही, म्हणजे तो शब्द कुठंच नाही असा निष्कर्ष काढू नकोस. ऑडिटमध्ये 'आढळलं नाही' हे वाक्य लिहिताना मी तरी शंभर वेळा विचार करेन.

काही सोसायट्यांनी आता गुगल ड्राइव्ह धरलं आहे, त्याबद्दल एक सांगून ठेवते. संगणकावर गुगल ड्राइव्ह बसवताना दोन पर्याय असतात. 'मिरर'मध्ये सगळ्या फायली लॅपटॉपमध्ये उतरतात. 'स्ट्रीम'मध्ये त्या वर राहतात आणि लॅपटॉपवर एक वेगळी ड्राइव्ह दिसते, बहुधा जी नावाची. स्ट्रीम असेल तर फोल्डरवर राइट क्लिक करून 'अव्हेलेबल ऑफलाइन' करून ठेवायचं. पण खरा खड्डा पुढे आहे. गुगल शीट किंवा गुगल डॉक म्हणून बनवलेली जी फाईल तिथं दिसते ती फाईल नसतेच, नुसता वेब पत्ता असतो. ती पेन ड्राइव्हवर कॉपी करून घेतली तर तू रिकामा लखोटा घेऊन चाललीस. गटसचिव कौतुकाने पेन ड्राइव्ह हातात ठेवतात, "मॅडम, सगळं टाकलंय," आणि आत असे पाच लखोटे असतात. तिथल्या तिथं उघडून बघ. लखोटाच निघाला तर त्यांच्याच संगणकावर शीट उघडून, 'फाईल'मधल्या 'डाउनलोड'मधून एक्सेल करून घे.

तुझ्या दादाच्या मॅकवरही तीच कथा आहे. आयक्लाउडच्या फाईलशेजारी ढग आणि खाली जाणारा बाण दिसला की फाईल वर आहे. 'ऑप्टिमाइझ मॅक स्टोरेज' चालू असेल तर जागा कमी पडताच तोही फायली वर ढकलतो. त्याला हेच पत्र दाखव.

आता वाटेतलं. बामणोलीच्या धक्क्याशी थोडीफार रेंज मिळाली आणि फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडलास, तरी फायली येतीलच असं धरून चालू नकोस. लॅपटॉपमध्ये ते कनेक्शन 'मीटर्ड' लावलेलं असेल तर वनड्राइव्ह डेटा वाचवायला स्वतःहून थांबतो. बॅटरी सेव्हर लागला तरी थांबतो. ढगावर दोन उभ्या रेघा दिसतील. त्यावर क्लिक करून 'सिंक एनीवे' म्हणता येतं, पण लाँच सुटायला पाच मिनिटं असताना तो खटाटोप करायची वेळच येऊ देऊ नये. आणखी एक, ऑफिसचे वर्ड-एक्सेल वर्गणीचे आहेत. ते 30 दिवसांतून एकदा तरी नेटला लागले पाहिजेत, नाही तर फाईल दिसते पण बदल करू देत नाहीत. तुझा लॅपटॉप रोज नेटवर असतो, पण ऑफिसातला जुना जो कपाटात पडलेला असतो तो नेणार असशील तर आधी जोडून घे.

तिथं बसून जी फाईल तू बदलशील ती त्या काळात ऑफिसात कुणी उघडायची नाही, असं निघण्याआधी सांगून जा. दोघांनी एकाच फाईलमध्ये वेगवेगळं लिहिलं आणि दोन्ही जुळवता आलं नाही, तर वनड्राइव्ह दोन प्रती ठेवतो. दुसरीच्या नावापुढे संगणकाचं नाव चिकटवलेलं असतं. कुठली खरी, हे मग माणसालाच ठरवावं लागतं आणि थकबाकीच्या यादीत ते ठरवायला रात्र जाते. मी फाईल बदलायच्या आधी नावापुढे माझी आद्याक्षरं आणि तारीख लावून वेगळी प्रत करायचे. जुनाट वाटेल, पण घोळ होत नाही.

रविवारी काय करायचं ते सांगते. संध्याकाळी सहाच्या आधी बस, रात्री नको. रात्री कंटाळा येतो आणि 'असेल बहुतेक' असं म्हणून माणूस उठतो. फोल्डर भरीव हिरवा कर. बाण थांबेपर्यंत दुसरं काम कर. मग स्टेटसचा रकाना वरपासून खालपर्यंत बोट ठेवून बघ, आतल्या फोल्डरांमध्येही शिरून बघ. त्यानंतर लॅपटॉप एअरप्लेन मोडवर टाक. वायफाय बंद, काही नाही. आणि आता सोमवारी लागणारी प्रत्येक फाईल उघड. दोष दुरुस्ती अहवाल, थकबाकीची यादी, मागचा ताळेबंद, लिंक असलेल्या सगळ्या एक्सेल. नुसती उघडून मिटवू नकोस, शेवटच्या पानापर्यंत जा. पीडीएफ असेल तर मधलं एखादं व्हाउचर वाचून बघ. हे करायला वीस मिनिटं लागतात. तात्यांचं 'हात घालून बघ' म्हणजे हेच. जी उघडली नाही तिचं नाव लिही, एअरप्लेन मोड काढ, ती उतरव आणि पुन्हा बंद करून पुन्हा उघड.

सर्वांत महत्त्वाची दोन-तीन पानं छापून बॅगेत ठेव. थकबाकीची यादी आणि मागच्या वर्षीच्या शंकांचं पान, एवढं पुरे. लॅपटॉपची बॅटरी संपली तरी चेअरमनसमोर ठेवायला तुझ्या हातात काहीतरी असेल.

परत आल्यावर दमलेली असशील, पाय धुऊन आडवं व्हावंसं वाटेल. पण आधी लॅपटॉप चार्जरला लाव, वायफायला जोड आणि उघडाच ठेव. दिवसभर तू केलेलं सगळं काम त्या क्षणी फक्त त्या एका मशीनमध्ये असतं, जगात दुसरीकडे कुठंही नाही. निळे बाण फिरू देत. तेवढ्यात जेवून घे. जेवण झाल्यावर बघ, प्रत्येक नावापुढे हिरवी टिक आली का. आली की झाकण मिटव आणि मला फोन कर. मी जागी असेन.